पाच पराती आणि एक मगर

आमचे हे मदिनेहून आल्यापासून घरी राहतच नाहीत, मदिनेतच राहतात! तिथे होते अवघे तेरा दिवस, पण चहाचा पेला पुढे ठेवला की, "आमच्याकडे मदिनेत यात पुदिना घालतात!" आमच्याकडे? अहो, जन्म गेला कुचिंगच्या नदीकाठी मासे विकण्यात! माझा गुडघा धरला म्हणून मी गेले नाही, तर आता मला रोज घरबसल्या फिरवून आणतात.

"चल, तिथलं जेवणसुद्धा खाऊ घालतो," परवा म्हणाले. नदीपलीकडे सालेम नावाच्या येमेनी माणसानं नवी खानावळ काढली होती. "मासतुराबाईंनाही बोलावू. मी अरबीत फर्मान सोडतो, बघ कशा थक्क होतात!"

मासतुराबाईंच्या मुलीवर, नूरैनीवर, आमच्या पोराचा, जेफ्रीचा, जीव जडलाय. बाई सहा महिने होही म्हणेनात आणि नाहीही. गावभर मात्र सांगून ठेवलंय, "बढाईखोरांच्या घरात मुलगी देणार नाही!"

नावेनं पलीकडे गेलो पाच जण. गालिच्यावर बसून एका परातीतला भात आणि अख्खी कोंबडी फस्त केली. हे प्रत्येक घासाला मदिनेची एकेक गल्ली फिरवत होते. पण जेवण, खरं सांगते, झकास!

तेवढ्यात सालेम खुशीत आला. त्याला आमच्या मलय भाषेतले दोनच शब्द येत, "खा" आणि "अजून खा". बकऱ्याची परात आणून यांच्यापुढे धरली. यांचं पोट नगाऱ्यासारखं! मग आपण करतो तेच यांनी केलं. परातीला बोट लावलं, ओठाला टेकवलं. समोर आलेलं अन्न खायचं नसलं तर निदान शिवायचं, नाहीतर नदीवर मगर ओढते, हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक!

सालेमला कुठून ठाऊक असणार? पाहुण्यानं बोट लावलं म्हणजे पसंत पडलं! ठेवली परात खाली. दुसरी आणली मासतुराबाईंपुढे. परतायचं नावेनंच, त्याही शिवल्या. ठेवली! मग नूरैनी, मग जेफ्री. माझ्यापुढे मासा आला. कळत होतं, तरी माझं बोट गेलंच! मगरीशी कोण वाकडं घेणार?

पाच पराती! आम्ही जेवत नाही म्हणून सालेमचं तोंड उतरलं, आणि मासतुराबाईंचं चढलं. "सपियाबाई, एवढं अन्न मागवून टाकायचं? हा थाट आम्हाला दाखवायला होय?"

"अहो, सांगा ना त्याला!" मी यांना ढोसलं.

"थांब, अरबीत सांगतो." हे ताठ बसून एक लांबलचक वाक्य बोलले. सालेमनं कान देऊन ऐकलं, यांचा हात धरला, दारात नेलं आणि रस्त्यापलीकडचा बसथांबा दाखवला!

नूरैनीनं ओढणीत तोंड लपवलं. जेफ्रीला रडू यायचं तेवढं बाकी होतं. मग मीच उठले. परातीकडे बोट दाखवलं, पोट फुगवून दाखवलं, बोट ओठाला लावलं. दोन्ही हातांचा जबडा करून माझीच तंगडी धरली, "आईगं!" ओरडले आणि गालिच्यावर लोळले. दुखऱ्या गुडघ्यासकट!

सालेम असा हसला की स्वयंपाकी बाहेर धावला. पाचही परातींना त्यानं स्वतः बोट लावलं, ओठाला टेकवलं आणि सगळं अन्न डब्यांत भरून आमच्या हाती दिलं.

मासतुराबाई डोळे पुसत होत्या. "सपियाबाई, पुढच्या शुक्रवारी अंगठी घेऊन या. घरात एक तरी माणूस असं आहे की ज्याचं बोललेलं समोरच्याला कळतं!"

हे लगेच पुढे सरसावले, "बघितलंस? मी म्हणालोच होतो, त्या थक्क होतील!"

मी जमिनीवरूनच म्हटलं, "अहो, शुक्रवारी तुम्ही यायचं, बसायचं, जेवायचं. जेवण्यापलीकडे तोंड उघडलंत, तर मगर मी होईन! आणि आता हात द्या, मला उठता येत नाही."