यादव तात्यांची उन्हातली तपासणी

आमच्या ऑफिसात काहीही नवीन करून दाखवा, यादव तात्या बघायच्या आधीच म्हणणार, "उन्हात चला."

ऑफिस म्हणजे विश्रामबागेतला विद्यापीठाचा विद्यार्थी विभाग. तात्या तिथले क्लार्क. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन इथं लागलेले, रोज कडेगावहून एसटीने येणारे. मी साताऱ्याची. विद्यापीठाचं पोर्टल मोबाईलवर नीट चालावं म्हणून मला नेमलेलं. एसीत बसून मी पहिलं पान तयार केलं. फिकट राखाडी अक्षरं, नाजूक बटणं. इतकं देखणं, की माझं मीच चारदा बघितलं. तात्यांनी मला भर बारा वाजता पार्किंगमध्ये नेऊन उभं केलं.

"वाचा आता."

काय वाचणार, कपाळ? मोबाईलमध्ये माझंच घामेजलेलं तोंड दिसत होतं.

"पोरी काय एसीत बसून फॉर्म भरत्यात व्हय?" असं म्हणून तात्यांनी खिशातल्या वहीत लिहिलं, 'रिपोर्ट नापास.' मला नापास करणारा हा पहिलाच माणूस, तोही बारावी झालेला! तणतणत मी आत आले आणि अक्षरं ठळक काळी केली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या डाव्या हातात उत्तरपत्रिकांचा गठ्ठा दिला. "आता एका हातानं भरा." अंगठा काही बटणापर्यंत पोचेना. गठ्ठा पडला, मोबाईल पडता पडता वाचला, फॉर्म राहिला तो राहिलाच. बटण खाली आणलं, मोठं केलं. मग तात्यांची नजर फॉर्ममधल्या फोटोच्या रकान्यावर गेली. तिथं 'फोटो पन्नास केबीच्या आत असावा' अशी सूचना होती.

"पन्नास केबी म्हंजी किती? मूठभर का पसाभर?"

मी दहा मिनिटं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "तुमास्नी कळतंय न्हवं? मग बारका तुमीच करा की. पोरीला कशाला कामाला लावताय?"

एवढ्यासाठी मुलं कित्येक वर्षं सायबर कॅफेत ताटकळत होती, आणि आम्हा शिकलेल्यांना हे सुचलं नव्हतं. खरं सांगते, लाज वाटली.

पण म्हणून किती सहन करायचं? एका दुपारी डोकं तापलं तशी मी ओरडलेच, "तात्या, कोण बाई रानात उभी राहून, एका हाताने, उन्हात फॉर्म भरणार आहे? दाखवा मला!"

"हाय आमच्यात एक," तात्या म्हणाले.

ती त्यांची सून, सुप्रिया. मुलगा फौजेत, लांब कुठं तरी, फोन लागला तर लागला. तात्यांच्या पत्नी वारलेल्या. घरात सासरा, सून आणि दोन वर्षांची नात. सून कडेवर पोर घेऊन उसाचं रान बघते आणि बाहेरून बी.ए. करते. सासऱ्यापुढे मान वर करायची नाही, ही तिची रीत. सुनेशी कामापुरतं बोलायचं, ही ह्यांची. गेल्या वर्षी मोबाईलवर तिचा फॉर्म भरलाच गेला नाही. फॉर्म तपासणारा क्लार्क घरातच चहा पीत बसलेला, पण त्याला विचारणार कसं?

"वर्ष गेलं पोरीचं," तात्या म्हणाले. "हितं यादीत नाव दिसंना, तवा मला कळलं. आमच्या मधी बोलणारी हुती, ती गेली. नातीला अजून निरोप सांगाय येत न्हाई. तिनं इचारलं न्हाई, मीबी इचारलं न्हाई. औंदा अडली तर शिक्षणच सोडंल ती, म्याडम."

त्यानंतर मी न सांगता उन्हात जायला लागले.

फॉर्मचा शेवटचा दिवस आला. तात्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. दर अर्ध्या तासाने माझ्या टेबलापाशी यायचे, "आला का?" यादी स्वतः उघडायचा धीर नाही. तीन वाजले तरी सुप्रियाचं नाव नव्हतं.

"अहो, फोन करून विचारा ना घरी!"

"आन् काय म्हणू? सासरा पाळत ठेवतोय म्हणंल."

चार वाजता त्यांचा मोबाईल वाजला. मेसेजवर विद्यापीठाचं नाव बघताच, पुढचं न वाचता ते माझ्यावरच डाफरले, "म्याडम, तुमच्या टेस्टिंगचं मेसेज मला कशाला धाडताय?"

मी वाचला. 'आपली पाल्य सुप्रिया यादव हिचा परीक्षा फॉर्म जमा झाला आहे.'

"टेस्टिंग नाही, तात्या. पालकाचा नंबर म्हणून तिने तुमचा दिलाय."

"नवऱ्याचा न्हाई?"

"नाही."

"माझा?"

"तुमचाच."

तात्या खुर्चीत बसले. चष्मा काढून पुसला, परत घातला. मग घरी फोन लावला. ऑफिसातून घरी फोन करताना मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते.

"फॉर्म पोचला, बाळ," ते म्हणाले.

तात्या कानाला मोबाईल लावून नुसते बसून राहिले, आणि तिकडून तिनेही फोन ठेवला नाही.