अळ्यांचा जाहीर सत्कार

एका जंगलात, बाळांनो, वाघ एकच होता, पण समित्या पुष्कळ होत्या. तिथे तान्हूबाई नावाची पिसोरी राहायची. पिसोरी म्हणजे सशाएवढं हरीण, आणि सशाहूनही भित्रं.

तान्हूबाईने ओढ्याकाठी कोबी लावला होता. उन्हाळ्यात त्या जंगलात हिरवं पान औषधालासुद्धा मिळत नसे. तिच्या दोन पिल्लांची सगळी भिस्त या कोबीवर. आणि नेमक्या त्याच्यावर अळ्या पडल्या. पानांची चाळण झाली.

तान्हूबाई गेली गांधीलमाश्यांकडे. थोरली माशी म्हणाली, अळी म्हणजे आमचा जीव की प्राण, उद्याच येतो. आणि खरंच, सकाळी पन्नास माश्या उपाशीपोटी निघाल्या.

पण वाटेत स्वागत समितीचे अध्यक्ष अस्वलराव उभे. पाहुण्याला सत्काराशिवाय पुढे सोडायचं नाही, ही त्या जंगलाची रीत. हार झाले, भाषण झालं, मग प्रत्येकीला पोटभर मध. आता तुम्हीच सांगा, इतका मध चापल्यावर अळ्या कोण खाईल? माश्या तिथेच लवंडल्या.

दुसऱ्या दिवशी कोल्हे मंडळाने सत्कार केला. तिसऱ्या दिवशी माकडांच्या महिला आघाडीने. मध रोजचाच. अळ्या मात्र एकही सुट्टी न घेता खात होत्या.

शेवटी तान्हूबाई अस्वलरावांकडे गेली.

"अध्यक्षसाहेब, माश्यांना आता शेतात जाऊ द्या. माझी पोरं उपाशी मरतील हो."

"तान्हूबाई, पाहुण्यांना कामाला जुंपायचं? लोक काय म्हणतील आपल्या जंगलाला?"

भित्र्या तान्हूबाईला पहिल्यांदाच असा राग आला बरं का, आणि रागात तिचं डोकं फार छान चाललं.

"मग अळ्यांचाही सत्कार करा," ती म्हणाली. "त्यासुद्धा बाहेरूनच आल्यात. त्यांना कुणी साधं फूल दिलं नाही."

अस्वलरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढे पाहुणे सत्काराविना राहिले! उद्याच कार्यक्रम ठरला. मध यावेळी फक्त सत्कारमूर्तींसाठी. माश्यांनी समोर बसून टाळ्या वाजवायच्या.

आमंत्रण मिळताच अळ्या पानांखालून बाहेर आल्या. सत्काराला कोण नाही म्हणतं? झाडून सगळ्या व्यासपीठावर रांगेत बसल्या. शाल म्हणून बोराची पानं पांघरली, तर त्यांनी शालच खाऊन टाकली.

अस्वलराव डोळे मिटून बोलायला उभे राहिले. माश्यांच्या पोटात सकाळपासून काही नव्हतं, आणि भाषण लांबतच चाललं होतं.

दोन तासांनी डोळे उघडले तेव्हा व्यासपीठ रिकामं होतं. माश्या तृप्त होऊन पंख पुसत होत्या.

अस्वलरावांनी लगेच तिथेच शोकसभा घेतली. मग विचारलं, आता पुढचा सत्कार कुणाचा? सगळ्यांनी एका सुरात तान्हूबाईचं नाव घेतलं.

ती तोवर पिल्लांना घेऊन कोबीत दडली होती. अस्वलराव हार घेऊन अजून तिला शोधताहेत. पिल्लं मात्र चांगली बाळसेदार झाली आहेत.

तात्पर्य : मित्रांना उपाशी ठेवावे, शत्रूंचा सत्कार करावा, आणि आपल्या नावाचा हार दिसताच कोबीत शिरावे.