अर्ध्या ग्रेनचा घोळ

वजनाच्या बाबतीत मला कुणी शिकवायचं नाही! एकतीस वर्षं मी आमच्या गावच्या टपाल कचेरीत पार्सलं तोलली आहेत. नुसतं हातात घेऊन सांगायचो, "मिस युडोरा, लेकीला मुरंबा धाडताय, चार पौंड सहा औंस!" आणि काटा निमूट तिथंच येऊन थांबायचा. त्यामुळे बंदुकीची दारू मोजायला तराजू निवडायची वेळ आली, तेव्हा मी बायकोला छाती पुढे काढून म्हटलं, "व्हर्लीन, तासाभराचं काम!"

त्याला नऊ दिवस लागले.

त्याचं असं झालं. माझे सासरे रेव्हरंड गेन्स यांची रायफल जवळजवळ त्यांच्याच वयाची. तिची काडतुसं आता दुकानात मिळत नाहीत. उडवलेल्या काडतुसांची पितळी नळकांडी जपून ठेवायची आणि घरीच पुन्हा भरायची. चाळीस वर्षं ते स्वतः भरत आले. यंदा वय शहाऐंशी. हात थरथरतात, त्यात त्यांचा जुना तराजू मांजरानं टेबलावरून ढकलून दिलेला. डोळ्यांच्या डॉक्टरनं तर सांगूनच टाकलं, की पुढच्या वर्षी नेम धरण्याइतकं दिसेल याची खात्री नाही. म्हणजे हरणांचा हा मोसम शेवटचा, आणि तो येता शनिवार सोडून पुढच्या शनिवारी उघडणार.

"मी भरून देतो," मी म्हणालो.

व्हर्लीननं हातातली भाजी खाली ठेवली. "अहो डीकन," ती म्हणाली (रागावली की ती मला माझ्या चर्चमधल्या हुद्द्यानं हाक मारते), "त्या बंदुकीच्या दस्त्याला माझ्या बापाचा गाल टेकतो! दारू जास्त पडली तर बंदूक फुटते. शुक्रवारपर्यंत तुमचा तराजू खरा ठरला तर ठीक. नाहीतर शनिवारी डॅडी घरात बसतील."

रेव्हरंड कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून ऐकत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं फक्त. चार वर्षांपूर्वी घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. उरली ती कुजबुज. काय आवाज होता तो, देवा! उपदेश सांगता सांगता हा माणूस गाऊ कधी लागला, ते कळायचंच नाही. ऑर्गन मागून धापा टाकत यायचा, पंखे हलवणाऱ्या बायका पंखे विसरायच्या, आणि माझ्यासारखा टपाल्या ढसाढसा रडायचा. नशीब माझं, की मी चौतीस कॅसेट भरून ठेवल्या आहेत.

तर मी डेविटच्या दुकानात गेलो. तिथे गळाला लावायच्या किड्यांपासून रायफलीपर्यंत सगळं मिळतं.

"डेविट, खोटं न बोलणारा तराजू दे."

"डीकन, माझ्या दुकानात गिऱ्हाईक खोटं बोलतं. तराजू नाही."

त्यानं आकडे दाखवणारा एक छोटासा इलेक्ट्रॉनिक तराजू दिला. एक ग्रेन म्हणजे जेमतेम अर्धी गुंज, आणि हा त्याचाही दहावा भाग दाखवणार! सोबत पारख करायला पितळेचं इवलंसं वजन. घरी आलो, स्वयंपाकघरातलं टेबल पुसलं, रेव्हरंडांची एक कॅसेट लावली. ज्यांच्यासाठी भरायचं, त्यांचाच उपदेश कानी असावा, याहून शुभ ते काय?

नाक पारड्याशी नेऊन वजन ठेवलं. बरोबर! पुन्हा ठेवलं. अर्धा ग्रेन जास्त! पुन्हा ठेवलं. एक ग्रेन कमी! आकडे नुसते कोंबड्यांसारखे सैरावैरा पळायला लागले.

तराजू परत. डेविटनं त्याहून भारी दिला. तोही तसाच! मला वाटलं, छताचा पंखा. पंखा बंद केला. मग वाटलं, फ्रीजची मोटर टेबल हादरवते. फ्रीज बंद केला, आणि चालू करायला विसरलो. दुसऱ्या दिवशी व्हर्लीननं दार उघडलं, तर उन्हाळाभर जमवलेले त्रेपन्न मासे पाण्यात पोहल्यासारखे!

"आता हे कोण खाणार?"

"प्रभू पाठवेल कुणालातरी."

"प्रभू कशाला, मीच बोलावते!" चर्चमधली सगळी गायकमंडळी जेवायला आली. तीन तास मासे तळले गेले, टेबल अडलं, एक अख्खा दिवस गेला. कोपऱ्यात रेव्हरंडांचे खांदे हलत होते. मला वाटलं, बिचारे खोकतायत.

मग तिसरा तराजू. या खेपेला जुन्या पद्धतीचा, दांडीचा. दांडी सुरात आलेल्या बाईसारखी डोलायला लागली ती थांबेचना! तेव्हा मात्र डेविट भडकला. मोसमाच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी दुपारी तो स्वतःच घरी आला. आला तशी मी कॅसेट बंद केली. पाहुण्याशी बोलायचं तर कॅसेट चालू कशी ठेवणार? डेविटनं तिन्ही तराजू मांडले आणि वजन ठेवलं. तिन्ही बरोबर! दहा वेळा ठेवलं. दहाही वेळा बरोबर!

"तुला बघून सोवळे झालेत लेकाचे!" मी ओरडलो. "तू गेलास की पुन्हा नाचतील!"

"मग मी जातच नाही," डेविट खुर्ची ओढत म्हणाला. "तुम्ही रोज करता ना, अगदी तस्संच करा."

व्हर्लीन हात पुसत दारात येऊन उभी राहिली. मी कॅसेट लावली, वाकलो, वजन ठेवलं. कॅसेटमधून रेव्हरंड सुरात येऊन म्हणाले, "रात्र फार लांबली होती..."

"आमेन!" मी म्हणालो.

दांडी उडाली.

"पण माझ्या देवाचा डोळा लागला नव्हता..."

"नाही लागला! आमेन!"

दांडी पुन्हा उडाली. डेविट माझ्याकडे बघतच राहिला. तो पलीकडच्या चर्चचा. तिथे लोक पाळकाचं म्हणणं तोंड मिटून ऐकून घेतात. आमच्याकडे पाळकानं ओळ टाकली आणि खालून कुणी उचलली नाही, तर त्याला पानावर बसवून न वाढण्यासारखं!

"डीकन," डेविट हळूच म्हणाला, "फुंकर तुमची आहे. तराजू माझे तिन्ही चांगले आहेत."

इतकी शांतता पसरली, की व्हर्लीनच्या रागाचा ग्रेनसुद्धा मोजता आला असता. तेवढ्यात कोपऱ्यातून घरघरल्यासारखा आवाज आला. रेव्हरंड हसत होते! डोळ्यांतून पाणी येईपर्यंत!

"डॅडी! तुम्हाला ठाऊक होतं?"

"पहिल्याच दिवशी कळलं," ते कुजबुजले.

"मग बोलला का नाहीत? तुमची शिकार बुडत होती ना!"

म्हाताऱ्यानं टेपरेकॉर्डरकडे बघितलं. "पोरी, चार वर्षांत माझ्या ओळीला कुणी आमेन म्हटलेलं नाही. हा रोज म्हणत होता. थांबवू कसा?"

व्हर्लीन वळून उगाचच ओटा पुसायला लागली. जाण्यापूर्वी डेविटनं मात्र रेव्हरंडांपुढे टोपी काढली. दांडीचा तराजू मी ठेवून घेतला.

संध्याकाळपर्यंत वीस काडतुसं भरून झाली. मी तोंडावर फडकं बांधून दारू तोलली. प्रत्येक वजन व्हर्लीननं स्वतः तपासलं. दर पाच काडतुसांनी तराजू आणि दारू बाजूला ठेवायची, फडकं सोडायचं, कॅसेट लावायची आणि तिघांनी पोटभर ऐकायची. शेवटी ती म्हणाली, "जा उद्या. डॅडींना कोट घाला."

पहाटे आम्ही सासरे-जावई मचाणावर जाऊन बसलो. हवा गार, घोंगडी ऊबदार. बंदुकीत काडतूस घालण्याआधी जरा डोळे मिटले म्हणून मिटले, ते उघडले तेव्हा ऊन पाठीवर आलं होतं. खाली ओल्या मातीत ताजे खूर उमटलेले. मोठा नर असावा. मचाणाला चक्कर मारून निवांत गेला होता.

वीसच्या वीस काडतुसं, ग्रेनच्या दहाव्या भागापर्यंत अचूक, डब्यात तशीच! माझी मान वर होईना. रेव्हरंडांनी डबा खुळखुळवला.

"आता ही वीस संपेपर्यंत मला मरता यायचं नाही," ते खुशीत कुजबुजले.

घरी आल्यावर मी गुपचूप टेबल पुसलं आणि तराजू मांडला.

"आता काय?" व्हर्लीन म्हणाली. "वीस आहेत की अजून!"

"असू दे," मी म्हटलं. "आणखी चाळीसेक भरतो."