कुंदाताईंची बिनमाइकची बैठक

कुंदाताईंना फोन केला की त्या आपलं सगळं बोलणं शांतपणे ऐकून घेतात आणि शेवटी एवढंच म्हणतात, "आवाज पोचला. आता चेहरा घेऊन ये." आणि फोन ठेवून देतात. सभासद होण्याची चौकशी करायला मी पहिल्यांदा फोन केला, तेव्हाही हेच झालं. मला वाटलं, आपलं काहीतरी चुकलं.

ताई म्हणजे आमच्या कलाकार-निवेदक संघटनेच्या पनवेल शाखेच्या चिटणीस. रेडिओवरून निवेदिका म्हणून निवृत्त झालेल्या. मी शाखेतली सगळ्यात नवी. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, आणि काम म्हणाल तर मोरा कोळीवाड्यात हळदीच्या कार्यक्रमांचं सूत्रसंचालन. ते सांगताना मी जरा चाचरलेच. ताई म्हणाल्या, "अगं, आम्हाला श्रोते दिसायचेसुद्धा नाहीत. तुझे तर समोर नाचत असतात. अवघड काम आहे!"

आमच्या संघटनेतल्या लोकांची गंमत अशी की ते एकमेकांना आवाजावरून ओळखतात, चेहऱ्यावरून नाही. डबिंगला प्रत्येक जण आपापल्या वेळेला येतो, काचेच्या खोलीत एकटा उभा राहून बोलतो आणि घरी जातो. आमचे विनायककाका एरवी खलनायकांना आवाज देतात. एका मालिकेत मात्र ते कैक वर्षं नवऱ्याच्या आवाजात भांडले. त्यांची आवाजातली बायकोही पनवेलचीच, पण दोघं कधी भेटले नव्हते. एकदा दवाखान्यात दोघं शेजारी शेजारी बसले होते. कंपाउंडरनं बाईंना नाव विचारलं, त्या बोलल्या आणि काका किंचाळले, "अगं, तूच का ती!" अख्खा दवाखाना बघत राहिला.

ताईंना हे अगदी लागलं. "नवराबायको आहात, निदान तोंडओळख तरी ठेवा!"

म्हणून त्यांनी दर महिन्याच्या चौथ्या रविवारी एसटी स्टँडजवळच्या एका लहानशा हॉलमध्ये बैठक सुरू केली. माइक नाही, मोबाइल बंद. पहिल्या बैठकीला दहाएक जण आले आणि गप्प बसून राहिले. रेकॉर्डिंगचा लाल दिवा लागल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, ही सगळ्यांची जन्माची सवय. शेवटी ताईंनी घरून लाल बल्ब आणून लावला. तो लागताच सगळे एकदम म्हणाले, "नमस्कार!" आणि मग थांबेचनात. एक निवेदक तर चहाचा ग्लास तोंडासमोर धरून बोलत होते.

"अरे, ऐकायलाही शिका की कोणीतरी!" ताई ओरडल्या.

"ऐकायला साउंड रेकॉर्डिस्ट असतो ना, ताई," विनायककाका म्हणाले.

गेल्या वर्षी मात्र खुर्च्या रिकाम्या पडू लागल्या. मुख्य कार्यालयानं कळवलं, पुढच्या बैठकीलाही असेच चार जण आले, तर यापुढे सगळं ऑनलाइन करू. झालं! ताई रिक्षानं, एसटीनं घरोघर निघाल्या. सुट्टी होती म्हणून मीही सोबत गेले. पळस्प्याला एक जण म्हणाला, "ताई, ऑनलाइन येतो ना. फरक काय पडतो?"

"बरं. मग ऑनलाइन चहा पाज मला," म्हणत ताई त्याच्या सोफ्यावर ठाण मांडून बसल्या. यायचं कबूल करेपर्यंत उठल्या नाहीत.

आपट्याहून परतताना त्यांना सारखा खोकला येत होता. मी भीत भीत विचारलं, "एवढी दगदग कशाला, ताई?"

त्यांनी एसटीच्या खिडकीची काच ओढून घेतली. मग म्हणाल्या, "गळ्यात गाठ आहे. काढायचीय. आवाज राहील की नाही, डॉक्टरही सांगत नाहीत. बाजारात नुसतं 'भेंडी कशी दिली' म्हटलं ना, की अजून लोक वळून बघतात. तो आवाज गेला की मी कोण? पिशवी घेतलेली एक म्हातारी." लगेच हसल्या. "चल, अजून दोन घरं राहिलीत."

त्या रविवारी शेजारच्या क्लासमधून खुर्च्या मागून आणाव्या लागल्या. मुख्य कार्यालयाचे गृहस्थ बोलायला उभे राहिले, माइक शोधू लागले, सगळे हसले. ऑनलाइनचा विषय त्यांनी काढलाच नाही. ताई मात्र बोलल्या कमी. प्रत्येकाजवळ जाऊन, जणू आपला चेहरा ओळखीचा करून देत, क्षणभर समोर उभ्या राहत होत्या, इतकंच.

ऑपरेशन झालं. बोलायला अजून मनाई होती. एके सकाळी मी पनवेलच्या मासळी बाजारात आईच्या पाटीशेजारी बसले होते, तर ताई आल्या. डोक्यावरून, तोंडावरून स्कार्फ गुंडाळलेला. मीसुद्धा आधी ओळखलं नाही.

"काय देऊ बाय? बोंबील ताजं हायेत," आई म्हणाली.

ताईंनी नुसतं बोट दाखवलं. इतक्यात पलीकडून खलनायकी आवाज गडगडला, "कुंदाताई! ओ कुंदाताई!"

सगळा बाजार वळला. विनायककाका कोथिंबिरीची जुडी हलवत धावत आले. "लांबून चालीवरूनच ओळखलं! तुम्ही बोलू नका, मी बोलतो." मग त्याच आवाजात आईला, "काय मावशी, बोंबील कसे दिले?"

"धमकी नको देऊ दादा, नीट इचार," आई म्हणाली. "आमी काय चोर नाय."

ताईंचे खांदे हसण्यानं हलत होते, आवाज मात्र नव्हता. मग त्यांनी सावकाश स्कार्फ सोडला, घडी करून पिशवीत ठेवला आणि आणखी कोणी ओळखीचं दिसतंय का, म्हणून बाजारभर नजर फिरवली.