सालोमीशेजारी बसलेला शब्द

शब्द कुणाचा, यावरून भांडण ऐन रंगात आलं होतं, आणि तो शब्द मात्र तिसऱ्या बाकावर सालोमीला खेटून, हात जोडून, डोळे मिटून बसला होता.

आठवड्यात कुणी कुणाला टाकून बोललं की तो शब्द रविवारी चर्चला येतो आणि ज्याला लागला त्याच्या शेजारी बसतो. यात नवल काही नाही. तो बोलणाऱ्याकडे टक लावून बघतो. बोलणाऱ्याने उठावं, माफी मागावी, शब्दाला बाहेर घालवावं, मगच प्रभुभोजनाच्या भाकरीला नि प्याल्याला बसावं. पण या शब्दाचे डोळेच मिटलेले. त्यामुळे मंडळी एकमेकांकडे चोरून बघत राहिली आणि शेवटी सगळ्या नजरा बायजाबाई पाटोळ्यांवर येऊन थांबल्या.

बायजाबाईंचे एक-दोन शब्द बहुतेक रविवारी यायचेच, चिखलाच्या पायांनी. बाई त्यांना बखोटीला धरून बाहेर काढायच्या.

चर्चचे पंच शांतवन उजागरे म्हणाले, मंडळीत शिवराळ तोंड एकच आहे, पुरावा कशाला हवा? बाईंना आज प्याला मिळणार नाही.

नवरा पुरला त्या आठवड्यातही बायजाबाईंनी प्रभुभोजन चुकवलं नव्हतं. त्या बाकावरून उठून उजागऱ्यांसमोर उभ्या राहिल्या.

"परवाच मी सालोमीला सटवी म्हटलं. ती हसली आणि चहा ठेवला. कुठाय तो शब्द? लागलाच नाही तर येईल कशाला? आणि हा बघा, भांग पाडलेला, इस्त्रीचा सदरा. हा माझ्या घरचा दिसतो?"

"तुम्हीच सजवून पाठवला असेल," उजागरे म्हणाले. काहींना ते पटलं.

मग पाळकसाहेबांनी सालोमीलाच विचारलं. नवऱ्याचं घर सोडून माहेरी आलेली ती पोर पदराचं टोक पिळत म्हणाली, मला कुणी काही बोललं नाही. बुधवारच्या प्रार्थनासभेत उजागरेकाकांनी माझं नाव घेतलं, तेवढंच. प्रभू, या पतित बहिणीला सद्बुद्धी दे, म्हणाले. सगळ्यांनी आमेन म्हटलं.

शब्दाने जोडलेले हात आणखी घट्ट केले. पाळकसाहेबांनी प्याला खाली ठेवला. आता कुणीच कुणाकडे बघेना.

बायजाबाई म्हणाल्या, "शांतवन, मी शिवी देते ती डोळे उघडे ठेवून देते."