नरहरपंतांचा गार लॅपटॉप

एका जंगलात, जिथे वाघसुद्धा अर्ज दिल्याशिवाय डरकाळी फोडत नसे, नरहरपंत नावाचे एक मुंगूस नोकरी करत होते. मुलांनो, मुंगसानं नोकरी कशाला करायची, असं विचारू नका. तुमचे बाबा का करतात?

पाणवठ्यावर कोणी कधी यायचं, याची रोजची यादी नरहरपंत करत. त्यासाठी त्यांना लॅपटॉप मिळाला होता. त्याला पंखा नव्हता. पंख्याच्या घरघरीनं महाराजांची दुपारची झोप मोडते, म्हणून कचेरीत एकाही लॅपटॉपला पंखा नव्हता.

अर्धा तास काम केलं की लॅपटॉप तापे आणि गोगलगायीसारखा चाले. मग नरहरपंत म्हणत, "गरम झाला." असं कोणीही म्हटलं की सगळी कचेरी उठून जांभळाखाली बसे. असं दिवसातून पाच वेळा होई. यादी संपेपर्यंत सूर्य मावळे.

नरहरपंतांना एकच घोर होता. त्यांची लेक ठमी सापाला भीत असे. मुंगसाच्या पोरीनं सापाला भ्यायचं म्हणजे जगायचं कसं? साप निघत चार वाजता आणि बाबा घरी येत सातला.

"उद्या नक्की शिकवतो हं," ते रोज म्हणत.

शेवटी एका सुट्टीच्या दिवशी त्यांनी लॅपटॉप उलटा करून उघडला. आत चिपवर तांब्याची पट्टी होती. पट्टी आणि खालचा पत्रा यांच्यात दोन तांदळांएवढी पोकळी होती. उष्णता पट्टीपर्यंत यायची आणि पुढे वाट नाही म्हणून तिथेच ठिय्या द्यायची. नरहरपंतांनी त्या पोकळीत एक मऊ थर्मल पॅड बसवला. आता चिपची उष्णता सरळ पत्र्यात जाऊ लागली.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप हरणासारखा पळाला. पत्र्याचा मात्र तवा झाला. लॅपटॉप मांडीवर घेऊन बसायची कचेरीची पद्धत होती, त्यामुळे नरहरपंतांच्या मांडीवरचे केस करपले. पण दोन वाजता यादी तयार! त्यांनी दप्तर उचललं.

दारात तरससाहेब उभे होते.

"कुठे निघालात, पंत?"

"घरी, साहेब. यादी झाली."

"झाली?" साहेबांना मनापासून आनंद झाला. "वा! मग ही घरट्यांची यादी घ्या. ज्याच्याकडे आहे, त्याचा लॅपटॉप सारखा गरम होतो हो."

पुढच्या आठवड्यात वारुळांची यादी आली, मग ढोलींची. नरहरपंतांचा लॅपटॉप काही थांबेना. "गरम झाला," असं खोटं बोलायला त्यांची जीभ रेटेना. सगळे जांभळाखाली जात आणि हे एकटेच मांडी भाजत बसत. आता घरी पोचायला नऊ वाजत. त्यांची बायको गोदावरी रोज मांडीला कोरफड लावी.

एकदा ते घरी आले तर बिळाच्या तोंडाशी लांबलचक साप मरून पडलेला. शेजारी ठमी, छाती फुगवून.

"मी धरला, बाबा!"

नरहरपंतांना हर्ष झाला. मग त्यांना आपलं रोजचं 'उद्या नक्की' आठवलं.

"कुणी शिकवलं गं?"

"मोरकाकांनी. ते हल्ली चारच्या आधीच घरी असतात."

"मोर? त्याच्याकडेही कचेरीची कुठलीशी यादी आहे ना?"

"होती, घरट्यांची. ते म्हणाले, आता ती दुसरं कुणीतरी करतं. फार सज्जन आहे म्हणे."

नरहरपंतांच्या डोळ्यांत पाणी आलं. मांडी भाजलेलीच होती, त्यामुळे कोणी कारण विचारलं नाही.

तात्पर्य : मुलांनो, यंत्र तापत असेल तर त्याला सुखानं तापू द्यावं. त्याची उष्णता बाहेर काढाल, तर ती आपल्याच मांडीवर येते. आणि गारवा शेजाऱ्याच्या घरी जातो.