टेकडीला पाणी

नोकरीत कायम व्हायला तेवीस दिवस उरले असताना कनिष्ठ रसायनतज्ज्ञाच्या कोपराचा धक्का लागून टेकडी फुटली. म्हणजे टेकडीच्या मातीची बरणी. मातीतली खनिजं वेलीतून द्राक्षात आणि द्राक्षातून वाइनमध्ये उतरतात. बाटलीतली आणि बरणीतली खनिजं जुळली की वाइन त्याच टेकडीची, असा दाखला ही प्रयोगशाळा देत असे. तो भानावर येईपर्यंत सफाईवाल्या मावशींनी काचांसकट माती कचऱ्यात टाकून फरशी पुसलीही. एरवी त्यांना तीन हाका माराव्या लागत.

प्रयोगशाळेच्या साहेबांना कळलं तर नोकरी गेलीच. तेवढ्यात खिडकीतल्या, नुसती माती उरलेल्या कुंडीकडे त्याचं लक्ष गेलं. शेवटी माती ती मातीच, अशी मनाची समजूत घालत त्याने नव्या बरणीत कुंडीतली थोडी माती भरली आणि वर जुनं लेबल चिकटवलं.

तीन दिवसांनी टेकडीवरच्या मळेवाल्या बाईंच्या बाटल्या तपासायला आल्या. एकही जुळेना. साहेबांना आनंदाच्या उकळ्या फुटल्या. अकरा वर्षांत पहिल्यांदा लबाडी सापडली होती. त्यांनी सही ठोकून अहवाल वर पाठवला.

बाई तडक आल्या, हातात मातीचा डबा घेऊन.

"सासऱ्यांच्या हातचा मळा आहे तो. ही तिथली माती, तपासून बघा."

तपासली. वाइनशी तंतोतंत जुळली.

"म्हणजे मातीसुद्धा बनावट," साहेब म्हणाले.

बाईंचा पडलेला चेहरा पाहून रसायनतज्ज्ञाला स्वतःचीच लाज वाटली. नोकरी गेली खड्ड्यात, असं ठरवून त्याने सगळं सांगून टाकलं.

साहेबांनी कुंडीकडे पाहिलं. "अरे, पण अहवाल वर गेलाय. माझ्या सहीचा. तो चुकला असं कसं म्हणायचं?"

"मग काय, टेकडी चुकली?" बाईंनी विचारलं.

"तसं लेखी देता येणार नाही. पण टेकडी म्हणून नोंद आता या कुंडीतल्या मातीची आहे."

दुसऱ्या दिवशी बाई वेलीची काडी घेऊन आल्या आणि त्यांनी ती कुंडीत खोचली. "टेकडीची अस्सल वाइन आता इथेच होणार ना? मग सांभाळा."

हा टोमणा होता. साहेबांनी तो मंजूर केला.

बाईंच्या बाटल्यांवर हल्ली 'अन्य ठिकाणची' असा शिक्का असतो. रसायनतज्ज्ञ मात्र महिनाअखेरीस कायम झाला. हुकुमात कामाचं स्वरूप एका ओळीत दिलं होतं: टेकडीला रोज पाणी घालणे.